एकबोली फ्रेमवाला आणि मुंगीचं कॉलेज

मी सांगते ते लिही. काल तू तुझ्या कॉलेजचं पत्र वाचून दाखवलंस, फी किती, त्यातली ते माफ किती करणार, आपण किती भरायची, आणि माझं जेवणातलं लक्षच उडालं. असंच एक पत्र मी आधी ऐकलेलं आहे. ते तुझ्या मुंगी आत्याला आलं होतं. पण तिचं सांगायचं तर आधी तिच्या बापाचं सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल माणूस येडा होता.

तिचा बाप म्हणजे माझे धाकटे दीर, ते फोटोंना फ्रेमा करायचे. दुकान आपल्याच घराच्या खाली. पुढे काचेचं दार, आत लांबलचक टेबल, टेबलावर जुनी चादर अंथरलेली, काचेला ओरखडा नको म्हणून. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, साधे. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, हा. मग भाऊजी फोटो मापायचे, पट्टी कापायचे, सरस लावायचा, कोपऱ्यात बारीक चुका ठोकायच्या, मागे पुठ्ठा. लाकडाचा भुसा त्यांच्या भुवयांत सुद्धा असायचा. मी म्हणायचे, भाऊजी, तुमचं पोट फाडलं तर आतून फळी निघेल. ते म्हणायचे, निघाली तर वाया घालवू नका वहिनी, चांगली पट्टी होईल.

आणि त्यांचा भाव एकच. सांगितला की सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, काही कमी करा, की ते एक शब्द बोलायचे नाहीत. फ्रेम उचलायची, उलटी करून भिंतीला टेकवून ठेवायची. तोंड भिंतीकडे. झालं, बोलणं संपलं. पुष्कळ जण चिडून जायचे आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पैसे घेऊन यायचे. म्हणून गल्लीनं नाव ठेवलं एकबोली. तोंडावर म्हणायचे. त्यांना राग नव्हता. उलट पाठ जरा ताठ व्हायची.

हे खूळ कुठून आलं ते मला त्यांनीच सांगितलं होतं. दुकान आधी माझ्या सासऱ्यांचं. भाऊजी तेव्हा पोरगेलेसे, पुठ्ठे कापायला बसायचे. एक बाई आली, नवरा नुकताच गेलेला, त्याचा फोटो घेऊन. फोटो टेबलावर ठेवला आणि रडायलाच लागली. सासऱ्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि भाव सांगितला नेहमीच्या दुप्पट. तिनं दिला. रडणारं माणूस घासाघीस कुठे करतंय? भाऊजी म्हणायचे, "वहिनी, बाबांनी तिचं तोंड बघून भाव लावला हो. त्या दिवशी मी ठरवलं, माझा भाव फ्रेम बघून लागणार. माझ्याकडे कुणाला मागायला लागणार नाही, आणि मीही कुणाकडे मागणार नाही."

असा माणूस. आता ह्याला तू काय बोलशील?

मुंगी त्यांची एकुलती एक. तिची आई ती चालायला लागायच्या आतच गेली. मग ती माझ्याच कडेवर वाढली, तुझ्या बापाच्या जोडीनं. सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून मुंगी. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि दुकानात. टेबलाखाली बसून काचेचे तुकडे उजेडात धरून बघायची. बाप काच कापायच्या हिऱ्यानं काचेवर रेघ मारायचा, टेबलाच्या कडेवर धरून टक्क करायचा, की काच बरोब्बर रेघेवर तुटायची. ही विचारायची, "बाबा, हिला कसं कळतं कुठे तुटायचं ते?" ते म्हणायचे, "रेघ मारली ना मी." "पण रेघ तर वरच आहे, आत कुणी सांगितलं?" भाऊजी माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार कपाळ? मला पाटीवरची रेघ येत नाही, काचेतली कुठून येणार.

तर ही मोठी झाली तरी तो प्रश्न काही सुटला नाही. एक कॉलेज होतं लांब, तिथे काच, माती, धातू असलं सगळं आतून कसं असतं ते शिकवायचे. तिला तेच हवं होतं. दुसरं काही नको. सोबत आपल्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याच्या पोरानंही तिथेच अर्ज केला, त्याला यंत्रांचं शिकायचं होतं. फी ऐकूनच आम्हाला घाम फुटला, पण मुंगी म्हणाली, काकू, ते घरची कमाई बघतात आणि त्याप्रमाणे मदत देतात, मागच्या वर्षीचे कागद पाठवायचे. पाठवले.

आता गंमत बघ. गंमत कसली, दैव. नेमकं त्याच मागच्या वर्षी एक नवीन हॉटेल उघडलं होतं आणि प्रत्येक खोलीत एक चित्र, त्याच्या सगळ्या फ्रेमा भाऊजींकडे आल्या होत्या. दुकान उघडल्यापासून एवढं काम कधी आलं नव्हतं, पुढेही नाही. त्या वर्षी भाऊजींनी मला नवी शिलाई मशीन घेऊन दिली. आणि पुढच्या वर्षी बाजारात तयार फ्रेमा आल्या, कारखान्यातल्या. फोटो आणा, घाला, घरी जा. दुकानात माश्या सुद्धा येईनाशा झाल्या. पण कागद गेले ते हॉटेलच्या वर्षाचे.

पत्र आलं तेव्हा तुझे आजोबा आणि मी दुकानातच होतो, मी चहा घेऊन गेले होते. मुंगीनं त्या लांब टेबलापाशी उभं राहून वाचलं. जागा मिळाली होती. फीचा थोडा भाग माफ. बाकीची आपण भरायची, शिवाय राहण्याखाण्याचं. आणि खाली एक ओळ होती, घरच्या परिस्थितीत काही बदल झाला असेल तर आम्हाला कळवावं. आणि हो का नाही, ते अमुक तारखेच्या आत.

तिचा चेहरा आधी उजळला आणि वाचता वाचता उतरत गेला.

तुझे आजोबा टाळी वाजवून म्हणाले, "हीच ती ओळ! बदल झालाय ना? हॉटेलचं काम संपलं ना? मग कळव की!"

भाऊजी म्हणाले, "दादा, ते सगळ्यांनाच लिहितात. आपण पावतीवर 'पुन्हा या' छापतो, म्हणून गिऱ्हाईक तीच फ्रेम घेऊन उद्या येतं का?"

"अरे पण त्यांनी मागच्या वर्षीचे कागद बघितलेत!"

"कागद खोटे आहेत का?"

"खोटे नाहीत रे बाबा, जुने आहेत!"

"त्यांनी कागद बघून, हिशोब करून आकडा सांगितलाय. आता कमी करा म्हणायचं म्हणजे काय, तुम्ही आधी चोरून ठेवलं होतंत, आता काढा? मला कुणी असं म्हटलं तर मी काय करतो?"

"फ्रेम उलटी करतोस," तुझे आजोबा म्हणाले. "पण ते कॉलेज आहे, तुझ्यासारखा सुतार नाही."

"एवढं मोठं कॉलेज माझ्यापेक्षा हलकं असेल का दादा?"

त्यांच्या मनात ते कॉलेज म्हणजे त्यांच्यापेक्षा सच्ची माणसं. शिकलेली. त्यांचा शब्द तर आपल्याहून पक्का असणार. माणूस हट्टी होता म्हणू नकोस हं, तो त्या लोकांना मान देत होता. आपल्या परीनं.

मग सगळ्यांनी खिसे उलटे केले. तुझ्या आजोबांनी त्यांच्या मालकाकडे आगाऊ मागितले. भाऊजी पट्टी कापायचं मोठं यंत्र विकायला निघाले, तर ते विकून खायचं काय. सगळं धरून सुद्धा पहिलं वर्षच कसंबसं निघत होतं, पुढची वर्षं तशीच आ वासून. शेवटी मुंगीनं नकाराचं पत्र लिहिलं. आभारी आहे, परंतु येऊ शकत नाही. लिहिताना एकदाही खोडलं नाही. तिचं अक्षर किती सुंदर, मला वाचता येत नाही तरी कळतं.

आणि मग तो फोन आला.

दुकानात आला. मुंगी बाहेर गेली होती. भाऊजींनी आम्हाला रात्री जेवताना सांगितलं, अगदी खुशीत. "कॉलेजच्या ऑफिसातून बाई बोलत होत्या. फार सभ्य. म्हणाल्या, तुमच्या मुलीचा अर्ज आम्हाला फार आवडला होता, नकार बघून वाईट वाटलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, बाई, अडचण काही नाही. तुम्ही तुमचं सांगितलंत, आम्ही आमचं सांगितलं, कुणाचा कुणावर राग नाही. त्या म्हणाल्या, नक्की ना? मी म्हटलं, आमच्याकडे एकदाच बोलतात."

आणि हसले. आम्हा सगळ्यांकडे बघून हसले, की बघा, मोठ्या ऑफिसातल्या बाईशी कसं नीट बोललो.

मुंगीनं चमचा ताटात ठेवला. हळू ठेवला, आवाज न करता. पाणी प्यायली. म्हणाली, "छान बोललात बाबा."

नंतर मी तिला स्वयंपाकघरात धरलं. म्हटलं, मुंगे, ती बाई उगाच फोन करेल का? तू लाव उद्या. बापाला कशाला सांगतेस?

"काकू, बाबा एकदा नाही म्हणालेत ना. मी फोन करून अडचण आहे म्हटलं, तर बाबा खोटं बोलले असं होईल."

"होऊ दे की! त्या बाईला काय पडलंय?"

"बाबांना कळेल ना."

तिनं ताटं धुतली. माझ्याही वाटणीची.

मग काय, ती चष्म्याच्या दुकानात लागली. आत मागच्या खोलीत मशीनवर चष्म्याच्या काचा घासायच्या, आकाराप्रमाणे कापायच्या. संध्याकाळी हिशोब लिहायचा वर्ग. पैसे घरी द्यायची. हसायची, बोलायची, तुझ्या बापाशी भांडायची. काचेतलं आत काय असतं हे मात्र परत कधी विचारलं नाही. भाऊजींना वाटलं, वय झालं, खूळ गेलं.

लाँड्रीवाल्याचा पोरगा मात्र त्याच कॉलेजात गेला, आणि शिकून आला. काळा झगा घातलेला फोटो घेऊन लाँड्रीवाला दुकानात. हा लाँड्रीवाला म्हणजे भाऊजींच्या अगदी उलट. तो वजनकाट्याशी सुद्धा घासाघीस करेल. पण दोघांचं जमायचं. मी तेव्हा दारातच शेंगा सोलत बसले होते.

"काय एकबोली, ह्याचे काय घेणार?"

भाऊजींनी भाव सांगितला.

"काही कमी?"

"नाही."

"माहीत होतं. पण विचारल्याशिवाय जीभ खाजते हो." बसला खुर्चीत पसरून. "ह्या जिभेनंच पोराला शिकवलं बघा. पहिलं पत्र आलं, माफी अशी एवढीशी. मी म्हटलं, ही तर सुरुवात झाली! दुसऱ्या एका कॉलेजानं जास्त देऊ केलं होतं, ते पत्र ह्यांना दाखवलं. वर लिहून घातलं, धुण्याचं एक मशीन मेलंय, धंदा बसलाय. तर ऑफिसातून बाईंचा फोन! म्हणाल्या, काही अडचण आहे का? मी म्हटलं, अडचण? बाई, तुम्ही आधी खुर्ची घ्या!"

मी हसले. खरं सांगते, हसू आलंच.

भाऊजी काच पुसत होते. म्हणाले, "मग?"

"मग काय, दिली वाढवून! वर काय म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, न सांगणाऱ्यांचं आम्हाला कळणार कसं? त्यांच्याकडे बाजूला काढून ठेवलेलंच असतं हो थोडं, विचारणाऱ्यांसाठी. पहिला आकडा आपला पहिलाच असतो."

भाऊजींनी काच पुसणं थांबवलं नाही. पुसली, फोटोवर बसवली, मागे पुठ्ठा, चुका ठोकल्या, सगळं नेहमीसारखं. एक चूक वाकडी नाही. कागदात गुंडाळून दिली. लाँड्रीवाल्यानं पैसे पुढे केले, तर भाऊजींनी त्यातली एक नोट परत केली.

"हे काय?"

"असू दे. कमी द्या."

लाँड्रीवाला तसाच उभा. नोट घेईना. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, ह्यांना डॉक्टरकडे न्या. मला भीती वाटतेय."

त्या संध्याकाळी भाऊजी वर आलेच नाहीत. मी खाली गेले तर दिवा न लावता बसलेले. म्हणाले, "तिला कळलं होतं, वहिनी. मी फोनचं सांगत होतो तेव्हा तिनं चमचा खाली ठेवला होता. मला वाटलं, पोट भरलं."

मी त्यांच्या शर्टावरचा भुसा झटकत बसले.

मुंगी आली तेव्हा म्हणाले, "मी जातो तिथे. मागतो. हात जोडून मागतो."

ती म्हणाली, "बाबा, ती मदत शाळेतून सरळ येणाऱ्या मुलांनाच देतात. मी बघितलं होतं."

"कधी बघितलंस?"

ती चपला काढून आत गेली.

तरी ते गेलेच. कुणाला न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई तीच होती. आवाज ओळखला मी." आणि तिनंही मुंगी म्हणाली तेच सांगितलं.

त्यानंतर भाऊजींचं जे झालं ते मला बघवायचं नाही. ते भाव कमी करायला लागले. कुणी काही कमी म्हणायचा अवकाश, लगेच, बरं, द्या, काय द्यायचं ते. कुणी न विचारताही कमी सांगायचे. गल्लीला आधी गंमत वाटली, मग सवय झाली. माणसं काय, मिळतंय तर घेतात. पोरंटोरंसुद्धा अर्ध्या भावात फ्रेमा न्यायला लागली. आणि एकबोली म्हणणं आपोआप बंद पडलं. नुसतं फ्रेमवाले. मला वाटायचं, ह्यांना चिडवा रे कुणीतरी. एकदा तरी एकबोली म्हणा.

मुंगी दिवसभर कामावर, तिला हे दिसत नव्हतं. एकदा चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती. ती मागे बसून पुठ्ठे कापत होती, मी शेजारी. एक माणूस आला, त्यानं आपल्याकडून फ्रेमसकट आरसा बनवून मागितला होता, मोठा, नक्षीच्या पट्टीचा. भाऊजींनी त्यावर फार मेहनत घेतली होती. भाव सांगितला. तो म्हणाला, फार होतात. भाऊजी म्हणाले, बरं, थोडे कमी द्या. तो म्हणाला, अजून. भाऊजी म्हणाले, द्या मग. तो माणूस निर्लज्ज, म्हणतो कसा, ह्या इथे कोपऱ्यात जरा फट दिसतेय, अजून काही कमी करा. फट कुठली? भाऊजींच्या कोपऱ्यात केस जायचा नाही! आणि भाऊजी वाकून बघायला लागले. खरंच बघायला लागले गं, की असेल बुवा फट.

मुंगी उठली. मी तिचं तोंड बघितलं. कॉलेजचं पत्र आलं तेव्हा, फोनचं कळलं तेव्हा, कधी मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती पुसत सुद्धा नव्हती. तशीच पुढे गेली.

"बाबा, पहिला काय सांगितला होतात?"

"अगं राहू दे..."

"पहिला काय सांगितलात?"

भाऊजींनी पुटपुटत सांगितला.

"मग तोच." त्या माणसाकडे वळून म्हणाली, "बाबांनी सांगितला तोच भाव. घ्यायचा तर घ्या."

"आणि तू कोण?"

"मी एकबोलीची मुलगी."

माणूस म्हणाला, असं असेल तर ठेवा तुमचा आरसा, आणि दार आपटून गेला. मुंगीनं तो एवढा जड आरसा उचलला, उलटा केला, आणि भिंतीला टेकवून ठेवला. तोंड भिंतीकडे.

"गेलं की गिऱ्हाईक," भाऊजी म्हणाले.

"जाऊ दे."

भाऊजी टेबलावरची चादर हातानं सारखी करत राहिले. सुरकुती नव्हती तरी. मग म्हणाले, "तू फोन केला असतास तर मी रागावलो नसतो."

मुंगी म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

बस. एवढंच बोलले दोघं त्यावर, जन्मात. तो माणूस दुसऱ्या दिवशी येईल असं मला वाटलं होतं, पूर्वी यायचे तसा. नाही आला. आरसा तिथेच राहिला, तो आता आपल्या जिन्यात आहे, तू रोज केस विंचरतेस तो. पुढे दुकान फार दिवस चाललं नाही. भाऊजींच्या हाताला कंप सुटला, मग ते खुर्चीला खिळले, मग शेवटचं तू बघितलंस ते. मुंगी अजून काचा घासते. नवीन पोरी तिच्या हाताखाली शिकतात. एकदा मी त्या दुकानात गेले तर एक पोरगी तिला विचारत होती, ताई, काच बरोब्बर रेघेवर कशी तुटते हो? मुंगी म्हणाली, मला नाही माहीत, आणि मशीन चालू केलं.

मी तिला सकाळी फोनवर तुझ्या पत्राचं सांगितलं. तुझ्या बापाच्या पगारकपातीचंही सांगितलं. ती म्हणाली, काकू, त्याचा ह्या महिन्याचा पगाराचा कागद काढून ठेवायला सांगा, मी रविवारी येते. पोरीला म्हणावं, कॉलेजला काही लिहू नको अजून, हो पण नाही आणि नाही पण नाही.

म्हणाली, फोन मी लावते.